अर्कचित्र की व्यंगचित्र? ‘कॅरिकेचर’ या शब्दाची कुळकथा आणि त्यामागचं तंत्र

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)

दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका चाळल्या की एक गोंधळ हटकून दिसतो. एकाच प्रकारची चित्रं एका अंकात ‘व्यंगचित्रे’, दुसऱ्यात ‘हास्यचित्रे’ आणि तिसऱ्यात ‘अर्कचित्रे’ या मथळ्याखाली. त्यातल्या तिसऱ्या शब्दासाठी, म्हणजे ‘कॅरिकेचर’साठी, हा धागा. माझ्याकडे जमलेलं आधी मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

मूळ इटालियन शब्द ‘कारिकातूरा’. त्यामागे ‘कारिकारे’ हे क्रियापद आहे: लादणे, भार घालणे, ठासून भरणे. गाडीत माल भरतात तेही कारिकारे आणि बंदुकीत दारू ठासतात तेही कारिकारे. आणखी मागे गेलं की लॅटिनमधला ‘कार्रुस’, म्हणजे चाकांचा गाडा. तो लॅटिनने गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) लोकांच्या केल्टिक बोलीतून उचलला. कार, कार्गो, चार्ज ही सगळी त्याच घरातली भावंडं. इटलीत आजही मोबाइल ‘कारिकारे’ करतात, त्यामुळे आपलं ‘फोन चार्जिंगला लाव’ हे वाक्य कॅरिकेचरचं चुलतभावंड ठरतं.

चित्रकलेत हा शब्द आला तो बोलोन्या शहरातून. आन्नीबाले कार्राची (१५६०–१६०९) आणि त्याचा थोरला भाऊ आगोस्तीनो हे चर्चसाठी मोठमोठी गंभीर चित्रं करणारे लोक. विरंगुळा म्हणून ते ओळखीच्यांची चेष्टेखोर रेखाटनं करत. त्यांना नाव पडलं ‘रित्रात्ती कारिकी’, भार घातलेली व्यक्तिचित्रं. ‘कारिकातूरा’ हा शब्द छापील स्वरूपात येतो १६४६ साली, आन्नीबालेने काढलेल्या बोलोन्यातल्या फेरीवाल्यांच्या आणि कारागिरांच्या चित्रसंचाच्या प्रस्तावनेत. पुढे शिल्पकार बेर्निनी १६६५ साली चौदाव्या लुईच्या दरबारात गेला आणि शब्द फ्रान्समध्ये पोचला. फ्रेंचांनी त्याचं सरळ भाषांतरही केलं: ‘पोर्त्रे-शार्ज’.

मला सर्वांत नेमकी वाटते ती फिलिप्पो बाल्दिनुच्ची याच्या १६८१ सालच्या कलाकोशातली व्याख्या. तिचा आशय असा: माणसाशी शक्य तितकं साम्य ठेवायचं, पण गंमत म्हणून त्याचे दोष प्रमाणाबाहेर वाढवायचे, म्हणजे एकूण चित्र त्याचंच वाटावं आणि सुटे भाग मात्र बदललेले असावेत.

आता प्रश्न. इटालियन शब्द भार घालायला सांगतो, मराठी ‘अर्क’ शब्द गाळून घ्यायला सांगतो. क्रिया तर उलट्या झाल्या. मग दोघांपैकी चित्राच्या जवळ कोण?

---

कोरा कागद

उत्तम धागा. एक शंका: कार्राची या आडनावावरूनच कॅरिकेचर शब्द पडला असं ऐकलं होतं. ते खोटं का?

---

शब्दवेल्हाळ

हो, तो ध्वनिसाम्याचा खेळ आहे. ‘कारिकारे’ हे क्रियापद या भावांच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. अशीच दुसरी समजूत म्हणजे स्पॅनिश ‘कारा’ (चेहरा) किंवा इंग्रजी ‘कॅरेक्टर’ हे याचं मूळ. इंग्रजीत ‘कॅरेक्टर’शी गल्लत एवढी होती की इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७४३ साली ‘कॅरेक्टर्स अँड कॅरिकातुराज’ नावाचं एक चित्रच काढलं. वर शंभरेक चेहऱ्यांची गर्दी. तळाशी एकीकडे राफाएलची तीन डोकी, ही ‘कॅरेक्टर’. दुसरीकडे गेत्सी, कार्राची आणि लिओनार्दो यांची, ही ‘कॅरिकातुरा’. मला दुसऱ्या रांगेत बसवू नका, असं त्याला ठणकावून सांगायचं होतं.

---

पिंपळपान

‘अर्क’विषयी. कोशात या एकाच रूपाखाली दोन वेगळे शब्द राहतात. संस्कृत अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचं झाडही. मारुतीला वाहतात ती पानं. आपल्या चित्रातला अर्क तो नव्हे. हा अरबी ‘अरक’, मूळ अर्थ घाम. उकळत्या द्रवाची वाफ थंड भांड्याला लागून थेंब थेंब गळते, ते घाम फुटल्यासारखं दिसतं, म्हणून ऊर्ध्वपातनातून निघालेल्या द्रवाला हे नाव. फारसीमार्गे तो मराठीत आला: ओव्याचा अर्क, गुलाबाचा अर्क. पश्चिम आशियातली ‘आराक’ नावाची दारूही त्याच भट्टीतली.

मराठीने पुढे त्याला एक खास वळण दिलं. ‘काय अर्क आहे हा माणूस!’ या वाक्यात माणूस इरसाल आहे, स्वतःच्या स्वभावाचं सार होऊन बसला आहे, असा अर्थ येतो. ‘अर्कचित्र’ वाचताना हीही छटा ऐकू येते, आणि ती इटालियन शब्दात नाही.

---

शेंडेफळ

म्हणजे अर्कचित्र = सूर्यचित्र ही माझी शाळेतली समजूत निकालात निघाली. 😀

---

तर्ककर्कश

अर्क झाला, आता ‘व्यंग’ घ्या. माझा आक्षेप त्या शब्दावर आहे. व्यंग = वि + अंग, म्हणजे अवयवातला दोष. ‘जन्मजात व्यंग’ म्हणतो तेच. चित्रकाराने लोकांच्या शारीरिक दोषांवर बोट ठेवावं, असं नाव आपण एका कलेला देऊन बसलो आहोत. हिंदीवाले ‘व्यंग्यचित्र’ लिहितात. ते व्यंग्य वि + अञ्ज् या धातूपासूनचं: जे सरळ न सांगता सुचवलं जातं ते. अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन शब्दशक्तींतल्या तिसरीने मिळणारा अर्थ. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाचा सगळा ध्वनिविचार (ध्वनी म्हणजे काव्यात सुचवलेला अर्थ) या व्यंग्यावर उभा आहे. मराठीतही ‘व्यंग्यचित्र’ लिहायला हवं.

---

पिंपळपान

व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. मराठी उच्चारात ‘ङ्ग्य’मधला ‘य’ टिकत नाही. ‘व्यंग्यार्थ’चं आपण ‘व्यंगार्थ’ केलंच आहे आणि तिथे कुणाला लंगडा अर्थ आठवत नाही. व्यंगचित्रातला व्यंग तोच, ‘य’ गळालेला. दोन शब्द उच्चारात एक झाले एवढंच. रूढ लेखन ‘व्यंगचित्र’ आहे, ते बदलायचं कारण दिसत नाही.

अवांतर: संस्कृत काव्यशास्त्राने अतिशयोक्तीला फार वरची जागा दिली आहे. दंडीच्या मते ती इतर सगळ्या अलंकारांचा आधार. शाळेत मात्र दमडीच्या तेलात उंट पोहून गेला, एवढ्यावर तिची बोळवण होते.

---

तर्ककर्कश

‘व्यंगार्थ’चा दाखला चांगला आहे. तरी सामान्य वाचकाला ‘व्यंग’ म्हटलं की आधी दोषच आठवतो, हे माझं म्हणणं कायम.

---

तिरकी रेघ

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला व्याकरणातून उत्तर मिळणार नाही, कागदावर मिळेल. अर्कचित्र करताना भार घालणं आणि गाळणं एकाच वेळी करावं लागतं. कसं ते सांगतो.

आधी सरासरी चेहरा डोक्यात पक्का हवा. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर. केसांची कड ते भुवई, भुवई ते नाकाचा तळ, नाकाचा तळ ते हनुवटी, हे तीन भाग साधारण सारखे. समोरून डोक्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी, दोन डोळ्यांमधलं अंतर एका डोळ्याएवढं. ओठांची फट नाकाच्या तळापासून हनुवटीच्या वाटेवर एक तृतीयांशावर. हे माप कुणालाच तंतोतंत लागू पडत नाही, आणि आपलं काम तिथेच सुरू होतं: समोरचा माणूस या मापातून कुठे निसटतो ते शोधायचं.

संदर्भाला किमान तीन फोटो घ्या: समोरून, पाऊण बाजूने आणि पूर्ण बाजूने. सेल्फी अजिबात नको. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब पडतात. सुमारे ३० सें.मी.वरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. तुम्ही ते बघून नाक वाढवता, म्हणजे माणसाचं नाही, लेन्सचं अर्कचित्र काढता. नवशिक्यांची निम्मी नाकं इथेच फसतात.

मग दोन-दोन इंचांची सहा-आठ लहान रेखाटनं. त्यात नाकडोळे काढायचेच नाहीत. फक्त डोक्याचा बाह्याकार. उभट, चौकोनी, खाली पसरट, वर फुगीर? लहान आकारात तपशील घालायला जागाच नसते, म्हणून मूळ आकार लपत नाही. त्यातलं एक निवडायचं.

आता भार. एक मुख्य वैशिष्ट्य घ्या आणि त्याला साथ देणारी फार तर दोन. कपाळ वाढवलंत तर तेवढीच उंची जबड्यातून काढा, डोक्याची एकूण उंची हलवू नका. डोळे जवळ आणलेत तर गालांची रुंदी आपोआप वाढते, तिला वाढू द्या. बेरीज-वजाबाकीचा ताळा जुळला की साम्य टिकतं. कपाळही वाढवलं, नाकही, ओठही, हनुवटीही, तर सगळंच त्याच प्रमाणात मोठं होतं, म्हणजे काहीच मोठं होत नाही. हाती येतो कुठल्यातरी राक्षसाचा मुखवटा.

चुकतं कुठे ते थोडं आणखी. डोकं मोठं आणि धड इवलंसं केलं की अर्कचित्र झालं, हा समज खोटा. तो नुसता साचा आहे, कुणालाही बसतो. दात एकेक रेघ मारून सुटे करू नका, फटी काळ्या दिसतात आणि तोंड किडकं वाटतं. दातांची रांग एक पांढरी पट्टी समजून फक्त कडेला एखादी खूण पुरते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी रेघ तरुण चेहऱ्यावर पूर्ण ओढली की वय दहा वर्षांनी वाढलंच. तिथे वरचा पाव भाग दाखवून सोडा. भुवई आणि डोळा यांतलं अंतर भावना ठरवतं. ते कमी असण्याची सवय वाढवता वाढवता शांत माणूस संतापलेला दिसायला लागतो. अशा वेळी भुवईच्या आतल्या टोकाला थोडं वर उचला.

शेवटची परीक्षा: चित्र आरशात बघा, उलटं करून बघा, दहा फुटांवरून बघा. आणि चष्मा, टोपी, पगडी बोटाने झाका. पगडी झाकल्यावर टिळक ओळखू आले नाहीत, तर तुम्ही पगडी काढली आहे, टिळक नाहीत.

---

कोरा कागद

शेवटचं वाक्य भिंतीवर लावण्यासारखं. पण मग गोल चष्मा आणि काठी एवढ्यावर गांधीजी ओळखू येतातच की!

---

तिरकी रेघ

येतात, पण ते चिन्ह आहे. पंजा, कमळ, चरखा जसं ओळखू येतं तसं. राजकीय व्यंगचित्रात त्याचा भरपूर उपयोग होतो आणि तिथे ते योग्यही आहे, कारण वाचकाला दोन सेकंदांत कळायला हवं. अर्कचित्रात चेहऱ्याने स्वतः बोलावं लागतं. नरसिंह रावांचे पुढे काढलेले ओठ बघा. त्यांना टोपीही लागत नाही, नावाची पाटीही लागत नाही.

---

गणिती मुंगी

तिरकी रेघ यांनी हाताने सांगितलं तेच सुझन ब्रेनन यांनी १९८२ साली एमआयटीच्या प्रबंधात संगणकाकडून करून घेतलं. कल्पना सोपी आहे. चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू घ्या, अनेक चेहऱ्यांच्या सरासरीतून त्याच बिंदूंचा मध्यम चेहरा बनवा, मग प्रत्येक बिंदूचा मध्यमापासूनचा फरक एका गुणकाने वाढवा.

आकड्यांत मांडू. समजा, दोन्ही चेहरे डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ६० मि.मी. येईल अशा मापावर आणले. नाकाची मध्यम लांबी ४८, आपल्या माणसाची ५४. फरक +६. गुणक १.५ घेतला तर नाक ४८ + ९ = ५७. गुणक २ घेतला तर ६०. नाक ते वरचा ओठ मध्यम १४, याचं ११. फरक –३, गुणक २ ला अंतर ८ वर येतं. नाक लांब झालं आणि त्याखालची जागा आपोआप आक्रसली. वरच्या प्रतिसादातली बेरीज-वजाबाकी ती हीच. गुणक ०.५ ठेवला की चेहरा उलट सपक होतो, गर्दीत हरवतो.

१९८७ साली रोड्स, ब्रेनन आणि केरी यांनी रेखाचित्रं दाखवून प्रयोग केला, तेव्हा ओळखीची माणसं हुबेहूब चित्रापेक्षा अतिशयोक्त चित्रातून लवकर ओळखली गेली. सपक केलेल्या चित्रांना सर्वांत जास्त वेळ लागला.

यात सर्वांत मोठी चूक मध्यम चेहरा निवडताना होते. युरोपीय चेहऱ्यांची सरासरी धरून भारतीय माणसाचं चित्र काढलं, तर यंत्र त्याचं ‘भारतीय असणं’ वाढवून ठेवतं आणि दहा माणसांची दहा चित्रं एकमेकांची भावंडं दिसतात. वयाचंही तसंच. पन्नाशीच्या माणसाला विशीच्या सरासरीशी ताडलं की फक्त म्हातारपण मोठं होतं. मध्यम त्याच वयाचा, त्याच लोकांमधला हवा.

---

शब्दवेल्हाळ

म्हणजे ‘भार’ कशावर घालायचा, तर फरकावर. आणि फरक हाती येतो मध्यम वजा केल्यावर. अर्क आधी काढायचा, मग तो लादायचा. दोन्ही शब्दांची सोय झाली!

---

झिंकब्लॉक

कागद-शाईकडे कुणी वळलंच नाही, म्हणून थोडं. जुन्या मासिकांतल्या अर्कचित्रांत करड्या छटेऐवजी रेघांची जाळी का दिसते? आवडीमुळे कमी, छपाईमुळे जास्त. लाइन ब्लॉक म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर चित्राची फोटोप्रत उतरवून मोकळा भाग आम्लाने खाऊन टाकायचा. जे उरतं ते शाई धरतं. काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही. करडं हवं तर रेघा जवळ-लांब ओढा, नाहीतर हाफटोन करा, म्हणजे छटा लहान-मोठ्या ठिपक्यांत फोडा. आणि वर्तमानपत्री कागदावर हाफटोन इंचाला ६५ ते ८५ रेघांचाच, म्हणजे चेहऱ्याचे बारकावे गेले.

चित्र छपाईच्या दीडपट किंवा दुप्पट काढायची पद्धत होती. लहान करताना हाताची थरथर लपते. पण जाळीही लहान होते हे विसरलं की घात. मूळ चित्रात रेघांमध्ये अर्धा मि.मी. फट असेल तर निम्म्या आकारात ती पाव मि.मी. होते, वर्तमानपत्राचा कागद शाई शोषून पसरवतो आणि गालाच्या जागी काळा डाग उरतो. दुप्पट आकारात काढताना दोन रेघांत किमान एक मि.मी. मोकळं ठेवा. रेघ ०.३ मि.मी.पेक्षा बारीक नको.

आजही शाईचं काम स्कॅन करताना निव्वळ रेषाचित्र १२०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), फारच अडचण असेल तर ६००, आणि कृष्णधवल बिटमॅपमध्ये. ३०० डीपीआयचा जेपीजी पाठवला की रेघेच्या कडेला करडी धूळ बसते आणि ती छापून येते. तक्रार मग छापखान्याकडे जाते.

पॅरिसचा व्यंगचित्रकार दोमिए याला ही अडचण नव्हती. तो लिथोग्राफीच्या दगडावर थेट तेलकट खडूने काढायचा, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यांत मऊ छटा आहेत. त्याला अडचण वेगळी आली: राजा लुई-फिलिपला खादाड राक्षस दाखवलं म्हणून १८३२ साली सहा महिन्यांचा तुरुंगवास.

---

शेंडेफळ

हाच ना तो नासपती झालेला राजा?

---

झिंकब्लॉक

तोच. नासपती केली शार्ल फिलिपों या संपादकाने. १८३१ साली खटल्यात बचाव म्हणून त्याने राजाचा चेहरा चार टप्प्यांत काढून दाखवला. पहिला हुबेहूब, चौथा निव्वळ नासपती. पहिल्या चित्राला गुन्हा धराल तर दुसऱ्यालाही धरा, मग तिसऱ्यालाही, आणि शेवटी फळावरच खटला भरा, असा युक्तिवाद. शिक्षा टळली नाही, पण पॅरिसच्या भिंतींवर नासपत्या उमटल्या. वर गणिती मुंगी यांनी सांगितलेला गुणक वाढवत नेला की काय होतं, याचं हे उत्तम उदाहरण. तिसऱ्या टप्प्यापर्यंत माणूस आहे, चौथ्यात उरतं ते चिन्ह.

---

कोरा कागद

आणि ‘कार्टून’? तोही इटालियनच ना?

---

पिंपळपान

हो, ‘कार्तोने’, जाड कागद. भिंतीवर ओल्या गिलाव्यात चित्र करण्याआधी त्याच मापाचं रेखाटन जाड कागदावर करत, रेषांवर टोचून भोकं पाडत आणि कोळशाची पूड थापटून आकृती भिंतीवर उतरवत. आपल्याकडचे भरतकामवाले खाका उतरवतात तसंच. १८४३ साली लंडनच्या नव्या संसदभवनातल्या भित्तिचित्रांसाठी अशा कार्टूनांचं प्रदर्शन भरलं. भुकेल्या लोकांना भाकरीऐवजी चित्रं दाखवताय, अशी टर उडवत ‘पंच’ साप्ताहिकाने जॉन लीचचं चित्र ‘कार्टून क्रमांक १’ म्हणून छापलं. तेव्हापासून अर्थ फिरला. कॅरिकेचरशी रक्ताचं नातं काही नाही.

---

शब्दवेल्हाळ

आता अनुक्रमणिकेचा प्रश्न सोडवू. माझी विभागणी अशी:

ओळखीच्या, खऱ्या माणसाचा चेहरा हाच विषय असेल तर अर्कचित्र. प्रसंगावर, धोरणावर, वृत्तीवर टिप्पणी असेल तर व्यंगचित्र. त्यात अर्कचित्र साधन म्हणून येऊ शकतं. नुसती गंमत, कुणावर रोख नाही, तर हास्यचित्र.

लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ अर्कचित्र नाही, कारण तो कुणी एक माणूस नव्हे. त्याच चौकटीतला मंत्री मात्र अर्कचित्र असू शकतो. वसंत सरवटे यांनी ‘ललित’साठी रेखाटलेला ठणठणपाळही कल्पित, म्हणून अर्कचित्र नाही. शि. द. फडणीस यांची शब्दांविना बोलणारी चित्रं म्हणजे हास्यचित्राचा नमुना. मारिओ मिरांडा यांच्या गोव्यातल्या गर्दीतले चेहरे तिसऱ्या गटात. ते नमुने आहेत, व्यक्ती नाहीत.

---

तर्ककर्कश

लग्नाच्या हॉलमध्ये पाच-सात मिनिटांत ए-४ कागदावर काढून देतात ते कुठे बसवणार? खरा माणूस आहे, पण सगळ्यांना तेच मोठे डोळे आणि तेच हसू.

---

तिरकी रेघ

हेतूने अर्कचित्र. पाच मिनिटांत ब्रशपेनने खोडरबराविना काम करायचं म्हटल्यावर साचा लागतोच. त्यातले चांगले लोक पहिला अर्धा मिनिट फक्त डोक्याचा आकार आणि केसांची कड बघतात, तेवढं खरं काढतात आणि बाकीचं साच्यातून भरतात. वाईट लोक आधी डोळे काढून बसतात. मग डोकं त्या डोळ्यांभोवती जमेल तसं बसवावं लागतं आणि नवरा-नवरी दोघंही सारखे दिसतात.